मिशीवाला चंद्र

"ती बाई म्हणजे मृत्यू," दाताचे डॉक्टर ठामपणे म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

मागच्या खुर्चीत बसलेल्या शिवणवाल्या काकूंनी चष्मा सारखा केला. ती बाई म्हणजे आपण, असा त्यांचा आजवर समज होता.

वाचनालयाच्या खोलीत जमलेल्या सगळ्यांच्या मांडीवर एकच पुस्तक होतं, काकूंच्या नवऱ्याच्या चित्रांचं. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि संध्याकाळी शिलाई मशीनवर बसलेल्या बायकोच्या मागे स्टुलावर बसून चित्रं काढली. ते गेल्यावर लेकीनं तो गठ्ठा प्रकाशकाकडे नेला आणि त्याचं पुस्तक झालं. त्यात शब्द म्हणून नाही. एक माणूस लिफ्टनं वर-खाली करत राहतो. दार उघडलं की एका मजल्यावर समुद्र, दुसऱ्यावर छताला उलटी टांगलेली शाळा. मासे तर जिथे तिथे. आणि दर वेळी शेवटी तीच खोली: मशीनवर पाठमोरी बाई, तिच्यासमोर खिडकी, खिडकीत चंद्र. की पुन्हा लिफ्ट सुरू.

काकूंनी पुस्तक तीनदा पाहिलं होतं. ओ की ठो कळलं नव्हतं. शिकलेल्या माणसांना कळत असेल, म्हणून त्या लेकीबरोबर इथे आल्या होत्या.

"मृत्यू कशाला हो? आई आहे त्याची," निवृत्त मुख्याध्यापिका म्हणाल्या. "आणि समुद्र म्हणजे बालपण."

"मग मासे?"

"मासे म्हणजे... त्यांचा अर्थ मलाही नाही लागला."

"मला वाटतं, ती बायको आहे," कॉलेजातली एक मुलगी हळूच म्हणाली. "पण तिला तो नकोसा झालाय. अख्ख्या पुस्तकात एकदाही वळून बघत नाही. शेवटच्या पानावर तो तिच्या खांद्याजवळ हात नेतो ना, तेव्हासुद्धा नाही."

"बिचारा," डॉक्टर म्हणाले. मृत्यूचा मुद्दा त्यांनी तिथेच सोडून दिला.

"बरं, त्या चंद्राला मिशा का आहेत, ते सांगा कुणीतरी," मुख्याध्यापिका म्हणाल्या, तसा हशा पिकला. ग्रंथपालबाईंनी मागे वळून विचारलं, "काकू, तुम्ही सांगता का?"

"मला नाही हो कळत त्यातलं. मी कपडे शिवते," काकू म्हणाल्या.

दोघी घरी परतल्या. जिन्यात लेक म्हणाली, "आई, लोक काय, काहीही बोलतात. मनावर घेऊ नकोस."

"ती पोरगी खोटं काय बोलली? हे म्हणायचे, 'अगं, बघ ना जरा.' मी आपली 'हं' करायचे. तोंडात टाचण्या, बोलणार कशी?"

"वळायचंस मग."

"शिलाई वाकडी गेली असती."

काकूंनी दाराचं कुलूप काढलं. माणूस जन्मभर आपल्या पाठीशी बसला आणि आपण हिला नकोसे आहोत असं समजून गेला, तर आता ते कुठे जाऊन निस्तरायचं?

शेजारणीच्या झग्याची खालची पट्टी दुमडायची राहिली होती. "तू बस, मी करते," म्हणत लेक मशीनवर बसली. तिनं दिवा लावला आणि आईसारख्याच टाचण्या ओठांत धरल्या. काकू स्टुलावर टेकल्या. या स्टुलावर बसायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

समोर लेकीची पाठ होती. त्यांनी नजर वर केली. बाहेर अंधारलं होतं आणि खिडकीच्या काचेत लेकीचा चेहरा उमटला होता. मशीनच्या दिव्यानं उजळलेला, जरासा पुसट, गोल. ओठांशी टाचण्यांच्या बारीक रेघा.

काकूंनी पिशवीतून पुस्तक काढलं. चंद्र पाहिला. मिशा पाहिल्या. पान उलटून पुढचा चंद्र पाहिला, मग त्याच्या पुढचा. एकाही खोलीत तो काढायचा राहिला नव्हता.

"हं?" लेकीनं टाचण्यांमधूनच विचारलं.

"काही नाही. ऊठ जरा."

लेक उठून स्वयंपाकघरात गेली. काकू मशीनवर बसल्या. सवयीनं टाचण्या ओठांत गेल्या, पण नजर सुईवर गेली नाही. माशांचं कोडं काही सुटलं नव्हतं, ते सुटणारही नव्हतं. त्यांनी मान वर केली. काचेत त्यांचा चेहरा होता आणि खांद्यामागे, अगदी स्पष्ट, रिकामं स्टूल. इतकी वर्षं नुसती मान वर करायची होती, वळायचीही गरज नव्हती.

"आई, शिवत नसशील तर दिवा घालवू का?" लेकीनं आतून विचारलं.

काकूंनी एकेक करून टाचण्या तोंडातून काढल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "दिसतंय मला."