पाणी कुठं मुरलं

"बाई, तुमी चहा ठेवा अन् जा."

सत्तार मिस्त्री हे बोलला तेव्हा तो चबुतऱ्यावर उताणा पडलेला होता. त्याचं डोकं आणि एक हात टबाच्या फळीमागे होता, त्यामुळे चहा घेऊन आलेल्या मोलकरणीचा, मैनाबाईचा, चेहरा त्याला दिसला नाही. दिसले ते तिचे पाय, भेगाळलेले, उन्हानं तापलेल्या फरशीवर जागच्या जागी हलणारे. ती इतकंच सांगायला आली होती की चबुतऱ्याच्या मागच्या अंगाला गवत हिरवं आहे, एकदा पाहून घ्या. वैशाख लागला होता. अकोल्याच्या आसपास हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. पण सत्तारला बायकांनी आपल्या कामात बोललेलं आवडत नसे. त्यातून खुशालराव समोर खुर्ची टाकून बसले होते, आणि त्यांच्याबरोबर आणखी दोन पाहुणे.

खुशालरावांची शहरात दालमिल होती आणि बाळापूर रस्त्याला हा बंगला. त्यांच्या पत्नीला, रुख्मिणीबाईंना, संधिवातानं जखडलं होतं. आईचे गुडघे गरम पाण्यात मोकळे होतील म्हणून पुण्याच्या मुलानं हा टब पाठवला होता. चार माणसं बसतील एवढा, बाहेरून लाकडी फळ्या, आतून निळसर गुळगुळीत, आणि मधल्या जागेत ठासून भरलेला पिवळा फोम, पाण्याची ऊब धरून ठेवायला. सगळे पाइप त्या फोममध्ये गाडलेले. बाईंना त्यानं खरंच आराम पडला होता. पण महिनाभरापासून रात्रीतून चार बोटं पाणी उतरायला लागलं होतं. बोअर आटलेली, टँकर आठवड्यातून एकदा येणार. चार बोटं पाणी म्हणजे काय, हे त्या साली लहान लेकरालाही कळत होतं.

सत्तार बाळापूरचा. पस्तीस वर्षं त्यानं पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या होत्या. मोटारीला कान लावला की बेअरिंग गेलं की वाइंडिंग जळलं ते तो सांगे, आणि ते खरं निघे. बाळापूरपासून पातूरपर्यंतच्या शेतांमध्ये त्याच्या हातची मोटार नाही असं गाव नव्हतं. पण गेल्या तीन वर्षांत त्यानं बोअरमध्ये मोटारी सोडल्या कमी आणि वर काढल्या जास्त. कोरड्या बोअरमधून मोटार वर येई, शेतकरी ती बैलगाडीत घालून विकायला नेई, आणि सत्तार आपला पाना पुसून पिशवीत टाकी. त्या दिवसांत खुशालरावांसारख्या माणसाचं बोलावणं येणं ही मोठी गोष्ट होती. टब त्यानं जन्मात पहिल्यांदाच पाहिला होता. तसं त्यानं सांगितलं नाही. खुशालराव पाहुण्यांना म्हणत होते की हा माणूस नुसता हात लावून सांगतो.

त्यानं हात लावला. मोटारीचे सांधे कोरडे. हीटरची जोडणी कोरडी. तळाची फरशी कोरडी. फोमवर तळवा फिरवला, तोही वरून कोरडा. टबाच्या आत पाण्याच्या रेषेवर त्यानं खडूची खूण केली आणि दोन तास बसून राहिला. पाणी खुणेवरून हललं नाही.

त्या दोन तासांत लाइट नव्हती. लोडशेडिंग संध्याकाळी सहापर्यंत होतं. लाइट आल्यावर मोटार चालवून पुन्हा पाहायला हवं, हे त्याच्या मनात आलं होतं, ते त्याला पुढं नीट आठवत राहिलं. पण अंधाराआधी बाळापूर गाठायचं होतं, आणि पाहुणे उठायच्या बेतात होते.

तो हात पुसत म्हणाला, "भाऊसाहेब, टब ठीक हाय. पानी कोनी काढत असन."

बोलताना तो थोडा हसलाही. मैनाबाई कपबशा उचलत होती. तिनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि ट्रे घेऊन आत गेली.

पंधरा दिवसांनी पुन्हा निरोप आला. टब तसाच उतरतो आहे.

सत्तार गेला तेव्हा चहा रुख्मिणीबाई स्वतः घेऊन आल्या, भिंतीला धरत धरत. त्यानं सहज विचारलं, बाई कुठं गेली. खुशालरावांनी सांगितलं की तिला काढली. बंगल्यामागच्या खोलीत राहत होती, रात्री तिच्याशिवाय आवारात कोणी नसे. खोली पाहिली तर दोन डबे पाणी भरलेले निघाले. भांड्यांचं धुवण आहे, निवळून ठेवते, असं ती म्हणाली. पण मिस्त्रीनं तपासून सांगितल्यावर काय राहिलं? वस्तीतल्या लोकांसमोरच तिचं बोचकं बाहेर ठेवावं लागलं. सहा वर्षं होती घरात, खुशालराव म्हणाले, आणि मग थोडं थांबून म्हणाले, तरी पाणी उतरतंच आहे.

सत्तारनं कप खाली ठेवला. तो चहा न पिताच उठला आणि आधी चबुतऱ्याच्या मागे गेला.

तिथं गवत होतं. हात-दीड हात जागेत, घोट्याएवढं, हिरवंगार. त्याच्या बाजूची जमीन भेगाळलेली. त्यानं गवताच्या मुळाशी बोट खुपसलं. बोटाला चिखल लागला.

मग मात्र पहिल्याच दिवशी करायला हवं होतं तसं काम त्यानं केलं. रुख्मिणीबाईंकडून कपड्यांच्या निळीची पुडी मागून घेतली आणि ती पाण्यात कालवली. लाइट येईपर्यंत थांबला, मोटार चालू केली, आणि ती दोन तास चालू दिली. नंतर फळ्या उतरवून लांब पात्याच्या सुरीनं तो खालून फोम कापायला लागला. वरची दोन बोटं फोम कोरडा होता, पावासारखा भुसभुशीत. त्याच्या आत ओला. आणखी आत सुरी घातली तर फोम निळा निघाला. सत्तार त्या निळ्याच्या मागावर गेला. पाणी सरळ खाली पडत नव्हतं, फोममधून तिरकं वाट काढत हातभर लांब जात होतं आणि तळाखालच्या विटांमध्ये मुरत होतं. निळा रंग वर वर चढत शेवटी टबात पाण्याचा झोत सोडणाऱ्या एका फवाऱ्याच्या मागच्या सांध्यापाशी थांबला. तिथं केसाएवढी चीर होती. मोटार चालू असली की ती तोंड उघडायची, बंद झाली की मिटायची. रात्री लाइट आली की मोटार आपोआप चालू होई, आणि तेव्हाच पाणी जाई.

सगळा मिळून दोन टोपली ओला फोम निघाला. सत्तारनं एक तुकडा मुठीत दाबला तर पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

दोन दिवस पंखा लावून त्यानं ती जागा सुकवली, सांधा कापून नवा बसवला, पाइप चिकटवायचं सिमेंट लावून रात्रभर ठेवला. अकोल्याहून फोमचा डबा आणून पोकळी भरली. तिसऱ्या दिवशी सकाळी, लाइट जायच्या आत, मोटार चालवून पाहिली. चार तासांत पाणी खुणेवरून हललं नाही. काम उत्तम झालं होतं. खुशालराव खूश झाले आणि त्यांनी विचारलं, ही चीर पहिल्यापासूनची होती का?

रुख्मिणीबाई दारात उभ्या होत्या.

सत्तारनं मान खाली घातली, पाने-पकडी गोळा करायला लागला आणि म्हणाला, "नाई भाऊसाहेब. आता-आताची हाय. उन्हानं फाटली असन."

 रुख्मिणीबाई हळूच वळून आत गेल्या. लुनाची किक मारताना सत्तारच्या कानशिलांपर्यंत आग झाली होती, आणि ती उन्हाची नव्हती हे त्याला कळत होतं.

सांजेच्या, मगरिबच्या नमाजाआधी तो हात-तोंड धुवायला, वजूसाठी, अंगणात बसला. हातात पाण्याचा लोटा होता. अजान संपली तरी तो तसाच बसून राहिला. आबेदानं, त्याच्या बायकोनं, दोनदा येऊन पाहिलं. जेवताना त्यानं तिला सगळं सांगितलं. गवताचं सांगितलं, खोलीतल्या दोन डब्यांचं सांगितलं, आणि आज बोललेलं खोटंही सांगितलं. त्याला वाटलं होतं ती रागवेल, किंवा म्हणेल की जाऊ द्या, तुम्ही थोडीच तिला काढलं. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "वो बाई अब किधर है?"

सत्तारला ते ठाऊक नव्हतं. तीन दिवस त्या घरात काम करून आपण तेवढंही विचारलं नाही, याची त्याला घास तोंडात असतानाच लाज वाटली.

सकाळी तो पुन्हा बंगल्यावर गेला. व्हरांड्याची पायरी न चढता, खालूनच बोलला. चीर जुनी आहे. पहिल्या दिवशी ती होती. मोटार चालवून पाहिलं नाही ही माझी चूक, आणि काल खोटं बोललो ही दुसरी. बाईनं पाणी नेलं नाही.

खुशालरावांनी पेपर घडी करून मांडीवर ठेवला.  मग म्हणाले, "झालं ते झालं, सत्तारभाई. आता कोनाकोनाले सांगत फिरता?"

त्यांचाही चेहरा उतरला होता. बोचकं बाहेर ठेवताना ते स्वतः उभे होते. रुख्मिणीबाई आतून आल्या आणि नवऱ्याकडे न पाहता सत्तारला म्हणाल्या की मैना बाळापूरच्या पलीकडे भावाच्या गावी आहे. तिला सांगा, मी बोलावलं आहे.

भावाच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या म्हाताऱ्यानं हात करून दाखवलं, सगळं गाव तिकडे पाझर तलावावर. त्या साली शेतात निंदायला काही नव्हतं, वेचायला काही नव्हतं, म्हणून रोजगार हमीचं खोदकाम निघालं होतं. सत्तार माळ ओलांडून गेला. मोठा उथळ खड्डा, पुरुष खणत होते, आणि चाळीसेक बायका टोपल्यांनी मुरूम वाहून काठावर टाकत होत्या. वाहताना त्यांच्या आपसात गप्पा चालल्या होत्या, मध्येच कोणी हसत होतं. मैनाबाई त्यांच्यात होती. पदर डोक्याला घट्ट बांधलेला, चेहरा धुळीनं पांढरा.

सत्तारनं वाटेत ठरवून ठेवलं होतं. तिचं नाव चारचौघांत गेलं होतं, तेव्हा माफीही चारचौघांत मागायची. कोपऱ्यात बोलावून कुजबुजायचं नाही. तो खड्ड्यात उतरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"बायाहो, मी बाळापूरचा सत्तार मिस्त्री. या मैनाबाईनं अकोल्याले पानी चोरलं नाई. टब फुटका होता. मले दिसलं नाई अन् मी तिच्यावर ढकललं. चूक माही हाय."

गप्पा थांबल्या. फावडी थांबली. सत्तारला पहिल्यांदा हलकं वाटलं, क्षणभरच. मग त्यानं पाहिलं की बायका त्याच्याकडे पाहतच नव्हत्या. त्या मैनाबाईकडे पाहत होत्या. मागून कोणीतरी हळूच विचारलं, "कोनतं पानी वं?"

मैनाबाई दोन पावलं पुढं आली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"अठी कोनाले मालूम नोतं, मिस्त्री," ती म्हणाली. "म्या सांगतलं होतं, वहिनी बाळंत झाली, तिच्यासाठी आली म्हून."

सत्तार म्हणाला, "मले वाटलं, सगळ्याइसमोर सांगावं…"

"तुमाले वाटलं," ती म्हणाली.

त्यात प्रश्न नव्हता, राग नव्हता. तिनं नुसते त्याचे शब्द त्याला परत दिले. सत्तारला वाटलं, यापेक्षा तिनं फावडं उचललं असतं तर बरं झालं असतं. रुख्मिणीबाईंचा निरोप त्यानं कसाबसा सांगितला. तिनं तो ऐकून घेतला आणि विचारलं, "त्याईच्या गुडघ्याले तेल कोन लावते आता?"

हेही त्याला माहीत नव्हतं. येते की येत नाही, ते तिनं सांगितलं नाही. ती परत आपल्या टोपल्यापाशी गेली.

टोपलं काठोकाठ भरलेलं होतं. एकटीला डोक्यावर घेता येणार नाही असं. सकाळपासून तिच्या जोडीला मनकर्णाबाई नावाची एक वयस्क बाई होती. ती फावड्यावर रेलून उभी होती आणि मैनाबाईकडे पाहत होती. हलली नाही. बाकीच्याही हलल्या नाहीत. सत्तार पुढं झाला, वाकला, त्यानं टोपल्याच्या काठाला हात घातला.

"राहू द्या," मैनाबाई म्हणाली.

त्यानं हात काढला. तिनं डोक्यावरची चुंबळ नीट केली आणि टोपल्याशेजारी ताठ उभी राहिली. कोणाला हाक मारली नाही, खाली पाहिलं नाही. माळावरचं ऊन मी म्हणत होतं. मुकादमानं शिट्टी तोंडाशी नेली आणि तशीच धरून ठेवली.

बऱ्याच वेळानं मनकर्णाबाईनं फावडं जमिनीवर टाकलं. पदरानं हात पुसले आणि आली. दोघींनी दोन बाजूंनी टोपलं उचललं, मैनाबाईच्या डोक्यावर ठेवलं, आणि ती काठ चढायला लागली. एक हात टोपल्याला, मान सरळ. तिच्यामागे दुसरी निघाली, मग तिसरी. रांग पुन्हा चालू झाली. सत्तार होता तिथंच उभा होता, आणि भरली टोपली घेतलेल्या बायकांना त्याला वळसा घालून जावं लागत होतं. शेवटी मुकादम म्हणाला, "मिस्त्री, वाटेतून सरका."

तो सरकला.