कपाळावरचे एकशे अकरा

विसालच्या दोन भुवयांच्या मधोमध तीन उभ्या रेघा होत्या. घरात त्यांना 'एकशे अकरा' म्हणत. अम्मानमध्ये कुणी कपाळाला आठ्या घातल्या, की 'लागले बघा याचे एकशे अकरा' असं म्हणून लोक मोकळे होतात. फरक एवढाच, की इतरांचे एकशे अकरा राग गेला की पुसले जातात. विसालचे चार वर्षांपूर्वी आले ते मुक्कामालाच. ती झोपली तरी रागावलेली दिसे. वाढदिवसाचा केक कापतानासुद्धा रागावलेलीच. ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिथं या रेघांचा फायदाच होता. बाई वर्गात आल्या की टाचणी पडली तरी ऐकू येई.

पण शाळेतला दरारा सोयरिकीत काय कामाचा?

मागच्या महिन्यात कुसैसाठी, म्हणजे तिच्या थोरल्यासाठी, घरचे सगळे मुलगी बघायला गेले. मुलीची आई रुदैना म्हणजे नाजूक, हसरी, बेचाळिशीची आणि पस्तिशीची दिसणारी. तिनं कॉफी पुढं केली, विसालनं एक घोट घेतला आणि रुदैनाचा चेहराच पडला.

"कडू झाली का?"

"छे हो, उत्तम झालीय."

दोन मिनिटांनी परत, "खोलीत उकडतंय का?"

"अजिबात नाही."

निघताना दारात तिनं विसालचा हातच धरला. "उम्म कुसै," आईला थोरल्याच्या नावानं हाक मारायची ही तिकडची रीत, "खरं सांगा. आमची पोरगी नाही ना आवडली?"

"आवडली! फार आवडली!" विसाल कळवळून म्हणाली. आणि कळवळल्यामुळे एकशे अकरा आणखी अर्धं बोट आत गेले.

तेव्हाच तिनं ठरवलं. साखरपुड्याला हे कपाळ न्यायचं नाही. त्या दिवशी तिला हसरी दिसायचं होतं, आणि नाचायचं होतं. हो, नाचायचं! पन्नाशीची गणिताची बाई गेले तीन आठवडे स्वयंपाकघराचं दार लावून, सोळा वर्षांच्या लुजैनला समोर उभी करून कंबर हलवायला शिकत होती. "ममा, खांदे! खांदे सोड! तू फळ्यावर लिहीत नाहीयेस!" असं लुजैन ओरडे आणि दोघी ओट्याला धरून हसत सुटत. मुलाच्या आनंदात आईनं मांडवाच्या मधोमध यावं, एवढीच तिची इच्छा.

साखरपुडा पुढच्या गुरुवारी. कपाळावरच्या रेघा घालवणाऱ्या सुईचा गुण यायला आठवडा लागतो. म्हणजे जायचं तर आज.

अडचण होती ती सासूची, हज्जा रस्मियाची. आणि खरं सांगायचं तर विसालच्या स्वतःच्या जिभेची. ईदला धाकटी जाऊ इब्तिसाम सुईनं ओठ फुगवून आली होती. इब्तिसाम या नावाचा अर्थच हसू, आणि बिचारीला हसताच येईना. हज्जा म्हणाली, "या बाईच्या ओठांवर मधमाशी बसली की काय?" त्यावर सगळ्यांत मोठ्यानं विसालच हसली, आणि म्हणाली, "आजपासून हिला उम्म नहल म्हणा! मधमाश्यांची आई!" नाव चिकटलं. आता तर चुलत घराण्यातली शेंबडी पोरंसुद्धा 'उम्म नहल काकू' म्हणतात. आपण सुई घेतल्याचं कळलं तर आपलं बारसं काय होईल?

म्हणून ती लुजैनला घेऊन 'बूट आणायला' बाहेर पडली.

दवाखान्यात गर्दी होती. दीडची वेळ तीनवर गेली. पाच टोचण्या, मुंगी चावल्यासारख्या. डॉक्टरीणबाई हातमोजे काढता काढता म्हणाल्या, "चार तास वाकायचं नाही. आडवं व्हायचं नाही. कपाळाला हात, दाब, काही लावायचं नाही. औषध खाली उतरलं तर पापणी लोंबेल, आणि मग दोन-तीन महिने तशीच."

चार तास. म्हणजे सात. विसालनं मनात आकडेमोड केली. असरची, म्हणजे दुपारची अजान सव्वाचारला, मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची साडेसातला. असरची नमाज सात वाजता पढली तरी वेळेत बसते. गणित जुळलं. हसून ती टॅक्सीत बसली, ताठ मानेनं, जसं काही डोक्यावर पाण्याचा हंडा आहे.

गणितात हज्जा धरायची राहिली होती.

घरी आल्या तर हज्जा बैठकीच्या खोलीत आपल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेली, आणि समोर जमिनीवर परातभर द्राक्षाची पानं आणि भाताचं सारण. "आलात? बूट कुठंयत?"

लुजैननं आईकडं पाहिलं. आईनं लुजैनकडं.

"माप नव्हतं," लुजैन म्हणाली.

"अख्ख्या अम्मानमध्ये?"

"टाच उंच होती," विसाल म्हणाली. दोघी एकदमच बोलल्या.

"बरं, बस खाली. विहीणबाई पाचला येणार, पानं गुंडाळायचीत."

आता खाली बसून परातीवर वाकायचं कसं? विसालनं परात उचलून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच पानं गुंडाळायला लागली. नजर समोरच्या भिंतीवर, हात खाली, मान बांबूसारखी. भात पानाबाहेर, पान परातीबाहेर.

"मानेत काठी घातलीय का?" हज्जानं विचारलं.

"आखडलीय जरा."

"आण इकडं, तेल चोळते. झोप माझ्या मांडीवर."

"नको! नको, हज्जा. बरं वाटतंय आता."

लुजैन हसू आवरायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बसली आणि तिला ठसका लागला.

तेवढ्यात अजान झाली. हज्जाचं एक होतं, अजान संपायच्या आत ती तयार. अठ्ठावीस वर्षं हज्जा आणि विसाल शेजारी-शेजारी नमाज पढत आल्या होत्या. आधी दोघी जमिनीवर, आणि सहा वर्षांपूर्वी हज्जाचे गुडघे गेल्यापासून हज्जा खुर्चीवर आणि विसाल खाली. खुर्चीवर बसून पढणं म्हणजे म्हातारपणाचा शिक्का, हे हज्जाच म्हणायची आणि प्रत्येक वेळी बसताना सुस्कारा टाकायची.

"चल, धू हातपाय."

"तुम्ही पढा. मी मागाहून पढते."

"मागाहून? मरण सांगून येतं का मागाहून? अठ्ठावीस वर्षांत कधी मागाहून पढलीस?"

विसालच्या डोळ्यांसमोर सजदा आला. गुडघे, तळवे आणि थेट जमिनीवर टेकलेलं ते कपाळ, त्यातलं ते पाच टोचण्यांचं औषध, आणि लोंबती पापणी. मुलाच्या साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत एका डोळ्यानं झोपलेली आई! तिची बुद्धी बंद पडली. आणि शाळेत असल्यापासून प्रत्येक बाईच्या ओठांवर तयार असलेलं वाक्य तिच्या तोंडून गेलं.

"मला अडचण आहे."

अडचण असली की नमाज माफ. प्रश्न संपला. फक्त...

हज्जाच्या हातातली जपमाळ थांबली. लुजैननं कपाळावर हात मारून घेतला.

"काय म्हणालीस?"

विसालला आता उमगलं आपण काय बोलून बसलो ते. पण शब्द तोंडातून सुटला होता. "ती... अडचण."

"दोन रमजान झाले," हज्जा हळू आवाजात म्हणाली. "दोन रमजान तू तीसच्या तीस रोजे सलग धरलेस. तूच मला मिठी मारून म्हणालीस, सुटले एकदाची."

खोटं सांगावं तर जुनं खरं आडवं येत होतं. खरं सांगावं तर उम्म नहल आडवी येत होती. दोन्हीकडून दार बंद, आणि मधे ती, हातात द्राक्षाचं पान.

तिला वाटलं हज्जा आता चिडणार. पण हज्जा चिडली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला.

"माझी फिक्रिया," ती म्हणाली. फिक्रिया म्हणजे तिची पाठची बहीण. "तिलासुद्धा असंच परत सुरू झालं. हसत सांगत आली, आणि आम्हीही हसलो. म्हटलं, बाई पुन्हा तरुण झाली! ऑलिव्हची पुढची तोडणी नाही पाहिली तिनं. पोटात होतं, आणि आम्ही हसत बसलो." तिनं मोबाइल उचलला. "इब्तिसामला लावते. तिच्या ओळखीची डॉक्टर आहे. आत्ताच्या आत्ता जायचं. देवा, माझं काय राहिलंय, माझं घे, पण हिला..."

तिला आकडे दिसत नव्हते. अंगठा एकाच जागी पुन्हा पुन्हा पडत होता.

एखादीनं आणखी एक खोटं रचलं असतं. विसालनं तसं तोंड उघडलंही. पण त्या अंगठ्याकडं पाहून तिच्यानं राहवेना. ती खुर्चीपाशी गेली, सवयीनं वाकायला निघाली, अर्ध्यात थांबली आणि ताठ उभ्यानंच तिनं हज्जाचा हात मोबाइलसकट धरला.

"काही नाही झालं मला. खोटं बोलले. अडचण नाही."

"मग?"

"सुई घेतली. इथं." तिनं कपाळाकडं बोट नेलं, लावलं नाही. "चार तास वाकायचं नाही, म्हणून."

हज्जानं चष्मा लावला. बराच वेळ कपाळ निरखलं. पाच बारीक लाल ठिपके होते, त्यातले तीन तर जवळजवळ गेलेही होते.

"अल्हम्दुलिल्लाह," ती म्हणाली, आणि डोळे पुसले. मग दुसऱ्या क्षणी पायातली चप्पल काढून विसालच्या दंडावर एक ठेवून दिली. "गाढवे! तीन रेघांसाठी माझा जीव काढलास?"

"हज्जा, चूक झाली."

"अठ्ठावीस वर्षं हे कपाळ बघतेय मी. त्यातल्या दोन रेघा तर माझ्याच मुलानं पाडल्यात, तिसरी मी. आमची आठवण पुसायला निघालीस होय?" आणि मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "उम्म नहल हे नाव कुणी ठेवलं होतं ग?"

"पाया पडते, इब्तिसामला नका सांगू."

"पाया पडणार कशी? वाकता येतं का?"

लुजैन आता उघड उघड हसत होती. विसाललाही हसू फुटणार, इतक्यात दारावरची घंटा वाजली. विहीण! पाचला येणारी रुदैना साडेचारलाच दारात, हातात मिठाईचं ताट.

"लवकर आले, रस्ता मोकळा मिळाला. अगंबाई, नमाजचीच तयारी चाललीय? छान झालं! सगळ्या मिळूनच पढू." आणि तिनं ताट ठेवून, हातपाय धुऊन, विसालच्या नेहमीच्या जागेशेजारी आपली जागासुद्धा घेतली. सतरंजीवर विसालची जागा मोकळी, तिची वाट बघत.

विसाल उभी. अडचण सांगावी, तर हज्जापुढं पुन्हा तेच खोटं. सुई सांगावी, तर ज्या बाईपासून लपवायची तिलाच सांगितल्यासारखं. तिनं हज्जाकडं पाहिलं. पाण्यात पडलेल्यानं काठाकडं बघावं तसं.

"लुजैन," हज्जा म्हणाली, "गच्चीतली दुसरी खुर्ची आण."

"कुणाला, तेता?" लुजैननं आजीला विचारलं.

"तुझ्या आईला. तिचे गुडघे." आणि रुदैनाकडं वळून, गोड आवाजात, "वय होतं, बाई. कुणाला चुकलंय?"

खुर्ची आली. तरुण दिसायला सुई घेतलेली विसाल म्हाताऱ्यांच्या खुर्चीत बसली. शेजारी हज्जा. दोन पांढऱ्या खुर्च्या, एकाच मापाच्या, एकाच दुकानातल्या. नमाज सुरू व्हायच्या आधी हज्जा तिच्या कानाशी येऊन फक्त दोन शब्द पुटपुटली.

"उम्म कुर्सी."

रुदैनाचं कपाळ जमिनीला टेकत होतं, उठत होतं, पुन्हा टेकत होतं, किती सहज! विसाल नुसती मान हलवल्यासारखं करत होती आणि वरून त्या सतरंजीकडं बघत होती. तिचं कपाळ जिथं टेकायचं, तिथं लोकर झिजून पातळ झाली होती. आजपर्यंत तिनं ते कधी एवढ्या लांबून पाहिलं नव्हतं.

नमाज झाली. रुदैना उठली ती थेट विसालचे हात हातात घेऊन.

"उम्म कुसै, आता कळलं मला! त्या दिवशी आमच्याकडं तुमच्या कपाळाला ज्या आठ्या होत्या ना, गुडघे दुखत होते तुमचे! आणि मी वेडी महिनाभर रडतेय, की माझी पोरगी नाही आवडली!"

म्हणजे गुडघ्यांचं निमित्त आधीच सुचलं असतं, तर रेघा होत्या तशा राहिल्या तरी चाललं असतं, विसालला वाटलं.

"आधी सांगायचं नाही का? तिसऱ्या मजल्यावर आहे तो हॉल. थांबा, मुलीला सांगते." रुदैनानं फोन लावलासुद्धा. "हॅलो, हबीबती? ऐक, खालचा हॉल घ्यायचा. हो. आणि पुढं दोन चांगल्या खुर्च्या, हातांच्या. एक हज्जांना, एक तुझ्या सासूबाईंना. नाही, नाही, त्यांना नाचायला कुणी ओढायचं नाही, सगळ्यांना बजावून ठेव. गुडघे आहेत ना त्यांचे."

लुजैननं आईकडं पाहिलं. तीन आठवडे, दार लावून, खांदे सोड, कंबर फिरव. हज्जानंसुद्धा पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिचं हसू मावळलं. तिला नाचाचं माहीत नव्हतं, सुनेच्या चेहऱ्यावरून आत्ता कळलं. पण बोलणार काय? एक शब्द फिरवला की गुडघे खोटे, गुडघे खोटे की नमाजेची खुर्ची खोटी, आणि खुर्ची खोटी की सुई बाहेर.

विसाल खुर्चीवरून अर्धी उठली. औषधाचा गुण यायला अजून आठवडा होता. भुवया जवळ आल्या, आणि मधोमध तिन्ही रेघा उभ्या राहिल्या, खोल, अगदी नेहमीच्या जागी.

रुदैनानं फोन ठेवला आणि वर पाहिलं.

"बघा, दुखतंय ना!" ती माया करत म्हणाली, आणि तिनं विसालच्या खांद्यावर हात ठेवून तिला अलगद खुर्चीत दाबलं. "बसा, बसा. उठू नका."