हात मोडले आणि मंडळी जुळली

सुज्ञ वाचकहो, एकट्याने उभारलेली वस्तू टिकवण्यासाठी माणसास प्रथम आपला एकटेपणा सोडावा लागतो, हा विषय प्रस्तुत कथेत यथाशक्ती मांडण्याचा संकल्प आहे. कथेच्या अखेरीस विजय आहे, हे आरंभीच सांगून ठेवतो. कारण मध्यंतरी आपला जीव टांगणीला लागेल, त्या समयी हे वचन उपयोगी पडावे.

कथेचा नायक लिफ्ट दुरुस्त करणारा असून त्यास सर्वजण मिस्त्री म्हणत. दिवसभर लिफ्टच्या दोरांशी झुंजावे आणि घरी येऊन संगणकासमोर बसावे, असा त्याचा नेम. त्याची थोरली बहीण, जिला सारे घर ताई म्हणे, जन्मतः दृष्टिहीन. तिच्यासाठी त्याने एक सॉफ्टवेअर रचले होते. पडद्यावर जे उमटेल, ते हे सॉफ्टवेअर तिच्या कानात मोठ्याने वाची. त्याच्याच बळावर ताई एका मोठ्या इस्पितळात चौकशीच्या टेबलावर बसे आणि कोणाचा रुग्ण कोणत्या खाटेवर आहे, हे फोनवर सांगे.

हे सॉफ्टवेअर मुक्त होते. म्हणजे त्याचा कोड, अर्थात संगणकास दिलेल्या आज्ञांची संहिता, इंटरनेटवर सर्वांस खुला होता. कोणीही तो वाचावा, सुधारावा आणि सुधारणा मिस्त्रीकडे पाठवावी. ती आत घ्यावी की नाही, याची किल्ली मात्र एकट्या मिस्त्रीच्या कनवटीस.

प्रारंभी मंडळी पुष्कळ जमली होती. त्यांत अग्रगण्य होता मिस्त्रीचा मित्र, चष्म्यांचे दुकान चालवणारा. "दिसतंय त्याला चष्मा, दिसत नाही त्याला आवाज. गिऱ्हाईक कुठलंच सोडायचं नाही," असे तो म्हणे. परंतु मिस्त्रीस एक खोड होती. कोणी काही पाठवले की तो ते आनंदाने स्वीकारी आणि लगेच अथपासून इतिपर्यंत पुसून आपल्या पद्धतीने पुन्हा लिही. पाहुण्याने प्रेमाने आणलेली भाजी यजमानाने नळाखाली धुऊन पुन्हा फोडणीस टाकावी, तसा तो प्रकार.

एके दिवशी चष्मेवाल्याने फोनवर विचारले, "तुला माणसं हवीत की हमाल?"

"काम नीटनेटकं नको का व्हायला?"

"मग बस नीटनेटका. एकटाच!"

त्याने कोडाची प्रत घेऊन वेगळी चूल मांडली. मुक्त सॉफ्टवेअरात तशी मुभाच असते. हळूहळू इतरही पांगले. जग आळशी आहे, अशी मिस्त्रीने आपली समजूत घालून घेतली.

अशात इस्पितळात नवे संगणक येण्याचे ठरले. तिथले साहेब ताईस म्हणाले, "तुमचा हा आवाज नव्या मशीनवर चालला तर उत्तम. नाहीतर पुढच्या महिन्यापासून तुम्ही घरी आराम करा."

ताई घरी येऊन कडाडली, "आराम म्हणे! मी काय जुनी गादी आहे, गुंडाळून माळ्यावर टाकायला?"

मिस्त्रीने कंबर कसली. परंतु दैवाची लीला अगाध! त्याच आठवड्यात लिफ्टच्या खड्ड्यात त्याचा पाय घसरला, आणि तोल सावरू जाता दोन्ही मनगटे मोडली. कोपरापर्यंत प्लास्टर चढले. जेथे स्वतःचे नाक खाजवणे दुर्घट, तेथे कोड कसला लिहिणार?

त्याची पत्नी त्यास घास भरवीत म्हणाली, "सगळं जग आळशी ना? आता लिहा तोंडाने."

"मी सांगतो, तू लिही."

"लिहीन. पण एकच ओळ. मदत पाहिजे, एवढीच."

तिने ती ओळ कोडाच्या पानावर सर्वांस दिसेल अशी टाकली. प्रथम उत्तर आले ते परमुलखातील एका गणिताच्या बाईंचे. त्यांनी बरेचसे काम करूनच पाठवले. काम चोख होते. पण त्यांनी आतल्या वस्तूंस दिलेली नावे मालगाडीसारखी लांबलचक. मिस्त्रीचे हात प्लास्टरात शिवशिवले.

"अगं, हे आधी पुसून..."

"कशाने पुसणार? नाकाने?" असे म्हणून पत्नीने ते काम जसेच्या तसे आत घेतले.

तत्काळ बाईंचा निरोप आला, "एक अक्षरही न बदलता घेतलंत! आणखी पाठवू का?"

मिस्त्री ती ओळ पुनःपुन्हा वाचत राहिला.

पुढे उसन्या आणलेल्या नव्या संगणकावर ताईने परीक्षा घेतली, आणि कपाळाला हात लावला. "अरे, पडदा बदलायच्या आधीच बोलतोय हा! आधीच्याच माणसाची खाट सांगतो. मी एकीला दुसरीच्याच नवऱ्याकडे पाठवीन!"

मिस्त्रीस तत्क्षणी आठवले. पडदा स्थिर होईपर्यंत थांबावे, अशी आज्ञा चष्मेवाल्याने कधीकाळी लिहून पाठवली होती. पुन्हा लिहिताना मिस्त्रीने ती कचरा समजून झाडून टाकली होती. जुन्या मंद संगणकांवर तिच्याविना काही अडले नाही. या चपळ संगणकावर तिच्यावाचून सारे फुकट. ती आता एकाच ठिकाणी शिल्लक होती, चष्मेवाल्याच्या चुलीवर.

पत्नीने फोन त्याच्या कानास लावला.

"तुझं ते थांबणं हवंय रे."

"कुठलं? तू कचऱ्यात टाकलंस ते?"

"तेच."

"आणि परत पुसून कोण लिहिणार? तू?"

"कोणी नाही. किल्ली तू घे. बाईंनाही देतो. मला विचारायचंसुद्धा नाही. चालतं की नाही, ते ताई ठरवेल."

"पडलास म्हणे. डोक्यावर तर नाही ना पडलास?"

"हातांवर."

"मग योग्य जागी पडलास. पाठवतो."

दोन चुली एक झाल्या. चष्मेवाल्यामागून जुनी मंडळी परतली, बाईंमागून नवी आली. ताई चुका सांगे, कोणीतरी त्या सुधारी, आणि मिस्त्री, जन्मात प्रथमच, नुसता शाबासकी देई.

अखेर तो दिवस उगवला. नव्या संगणकासमोर ताई ताठ बसली. साहेब हाताची घडी घालून उभे, आणि दाराशी मिस्त्री, दोन पांढरे हात छातीशी धरून. फोन वाजला. ताईने नाव टंकले. आवाज श्वासभर थांबला, मग बोलला. "दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. आणि काळजी नको, आज त्यांना घरी सोडणार आहेत," ताई फोनवर म्हणाली. पुन्हा फोन, पुन्हा अचूक उत्तर. फोनांची रांग लागली तरी ती डगमगली नाही.

साहेब उद्गारले, "चालतंय की हो हे!"

"चालणारच," ताई मान उंचावून म्हणाली. "माझ्या भावाच्या अख्ख्या फौजेने केलंय."

यथाकाल प्लास्टर निघाले. मिस्त्री संगणकासमोर बसला. कोणा अनोळखी माणसाने पाठवलेले नवे काम समोर होते. ओळी वाकड्यातिकड्या, परंतु काम नेमके. त्याने बोटे मोडली, ती हळूच कळांवर ठेवली आणि लिहिले, "फार छान. जसंच्या तसं घेतलं. आणखी पाठवा."

आतल्या खोलीतून ताईचा संगणक ती ओळ मोठ्याने वाचता झाला, आणि पाठोपाठ ताईचे हसणे ऐकू आले.

येथवर सोबत केलेल्या सर्व वाचकांचे मनःपूर्वक आभार. चुकले असल्यास जरूर कळवावे. जसेच्या तसे घेईन.

आपला नम्र,
धोंडिराम