कोरी पट्टी

नाडी मोजणाऱ्या मनगटपट्टीतला इवलासा दिवा ही थोरल्याची करामत. कातडीवरचा उजेड कमीजास्त झाला, की पट्टी एक ठोका धरी. दिव्याचा झोत हवा तेव्हा आवळता येई, हवा तेव्हा पसरता येई. कंपनीच्या साहेबांचा एकच हेका: "आकडा दिसलाच पाहिजे. कोरी पट्टी गिऱ्हाईक तोंडावर फेकतं." मग थोरल्याने सोय केली. नाडी सापडली नाही, तर कुठलीतरी लय हाती लागेपर्यंत झोत पसरतच जाईल. शुद्ध लबाडी, पण सगळ्यांनी पाठ थोपटली.

पहिली पट्टी त्याने आईला बांधली.

"सैल होतेय रे."

"असू दे, झोत पसरेल."

एका दुपारी धाकटीचा परगावाहून फोन आला. "दादा, आई फोन उचलत नाहीये. घरी जाऊन बघ ना."

त्याने मोबाइलवर आईच्या पट्टीचा आकडा पाहिला. बहात्तर. "ठणठणीत आहे ती. उगाच डोकं खाऊ नकोस," म्हणत तो बैठकीत जाऊन बसला.

संध्याकाळी तो घरी आला, तेव्हा आई खाटेवर निजली होती. मंद फिरणाऱ्या पंख्याची सावली तिच्या मनगटावरून सरकत होती. पट्टीवर बहात्तरच. हात मात्र गार लागला. थंडी वाजत असेल, म्हणून त्याने पंखा बंद केला.

पाती मंदावली, तसा आकडाही उतरत गेला. पंखा थांबला आणि पट्टी कोरी झाली.