मालकीणबाईंचं शेपूट

इंग्रजीच्या वर्गात सर पहिल्याच दिवशी सांगत, "मराठीत आपण माणसाला आधी 'जो' म्हणून हवेत लटकवतो आणि मग सवडीने 'तो' म्हणून खाली उतरवतो. इंग्रजांना एवढा धीर नाही. ते माणूस आधी उभा करतात आणि मग त्याच्या मागे 'हू'चं शेपूट लावतात. शेपूट लागलं, की हाच तो माणूस, हे कळतं. माणसाला हू, वस्तूला विच. एवढं आलं, की निम्मं इंग्रजी आलं."

उरलेलं निम्मं कुठलं, हे मात्र त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

वर्ग पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूच्या खोलीत भरे. मागच्या खोलीत सर आणि त्यांची बायको राहत. खाली केस कापायचं दुकान, समोर डॉक्टरांचा दवाखाना आणि आतल्या चौकात खुद्द मालकीणबाई. विद्यार्थी सगळे पोटापाण्याला लागलेले: शिवणकाम करणाऱ्या एक बाई, औषधाच्या दुकानातला एक नोकर, मुलाखती देऊन देऊन थकलेले चारदोन तरुण. हे लोक सकाळी कामावर जाण्याआधी येत आणि एका सुरात ओरडत. ओरडल्याशिवाय भाषा अंगात मुरत नाही, असं सरांचं मत होतं. खिडक्या लावल्या की जीव गुदमरे, म्हणून त्या उघड्याच असत.

पुस्तकातली उदाहरणं सरांना पटत नसत. बागेत बसलेला कुणी परदेशी म्हातारा विद्यार्थ्यांनी जन्मात पाहिला नव्हता. त्याला शेपूट लावून कुणाचं काय भलं होणार? उदाहरण कसं, डोळ्यांसमोरचं हवं. म्हणून सरांनी गल्लीच वर्गात आणली. "द बार्बर हू टॉक्स टू मच लिव्ह्ज डाउनस्टेअर्स," म्हणजे फार बडबड करणारा न्हावी खाली राहतो. मग सगळ्यांना एकच गोळी देणारा डॉक्टर. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे, "द लँडलेडी हू क्लोजेस द टॅप अ‍ॅट एट." आठ वाजता नळ बंद करणारी मालकीण.

हे शेवटचं वाक्य वर्गाच्या फार आवडीचं. ते म्हणताना मुलाखतीवाल्यांच्या आवाजात कधी नाही तो आत्मविश्वास येई. एकदा औषधाच्या दुकानातल्या नोकराने भाबडेपणाने विचारलं होतं, "सर, मालकीणबाईंना हू लावायचं की विच?" वर्ग खो खो हसला. सरही हसले, पण आधी त्यांनी खिडकीतून खाली बघून घेतलं.

गल्लीला त्यातलं 'हू' तेवढं ऐकू येई. म्हणून गल्ली सरांना 'हूहूसर' म्हणे आणि कामाला लागे. कित्येक महिने कुणाचं काही बिघडलं नाही.

पण रोजच्या रोज कानावर पडलं, की दगडालाही अर्थ कळतो. न्हावी तर बोलून चालून कानांशीच काम करणारा. एक दिवस तो हातातली कात्री तशीच घेऊन वर आला.

"काय हो सर, मी फार बोलतो?"

"छे छे! ते आपलं... व्याकरण आहे."

"व्याकरणाला माझंच दुकान सापडलं का? काल एक गिऱ्हाईक खुर्चीत बसल्या बसल्या म्हणतं, 'आधी तोंड बंद, मग दाढी.' शाळेत नापास झालेलं गिऱ्हाईक! तेसुद्धा तुमच्यामुळे इंग्रजी शिकलं."

सरांची नजर कात्रीवर होती. दुसऱ्या दिवशी वर्ग ओरडला, "द बार्बर हू हॅज गोल्डन हँड्स." सोन्यासारख्या हातांचा न्हावी. त्याच संध्याकाळी सरांचे केस फुकट कापले गेले, आणि कापताना न्हाव्याने त्या सोन्याच्या हातांबद्दल इतकी बडबड केली, की सरांच्या कानाला ओरखडा उठला.

मग डॉक्टर. 'एकच गोळी' गेली आणि 'लोकांना जीवदान देणारे' डॉक्टर आले. सरांच्या बायकोचा दुखरा गुडघा रांगेशिवाय तपासला गेला. गोळी तीच मिळाली.

असं करता करता गल्लीत एकही वाईट माणूस उरला नाही. शेपटं सगळी झुपकेदार झाली. सरांच्या मनाला थोडं टोचे. पण वाक्यं व्याकरणाने चोख होती, आणि माणसाने आपल्या विषयापुरतं बघावं, अशी ते स्वतःची समजूत घालत.

मालकीणबाईंना मात्र त्यांनी हात लावला नव्हता. त्या कधी वर आल्याच नव्हत्या, आणि निजलेल्या वाघाला कोण उठवणार! पण खोल्यांचा करार महिनाअखेरीला संपत होता. तो वाढवणार की नाही, यावर मालकीणबाई 'बघू' म्हणाल्या होत्या. त्यांच्या 'बघू'नंतर दोन भाडेकरूंनी बाडबिस्तरा बांधला होता.

"अहो, जग गोड केलंत," बायको म्हणाली, "आणि जिच्या घरात राहता ती तेवढी कडू ठेवलीत. या वयात कुठे खोल्या शोधत फिरणार? वर्ग काय रस्त्यावर घेणार आहात?"

"मी विचार करतोय."

"विचार पुरे. तिचं शेपूट बदला."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं, "द लँडलेडी हू इज काइंड टू एव्हरीवन." सगळ्यांशी दयाळूपणे वागणारी मालकीण. वर्ग अडखळला. मुलाखतीवाल्यांचा आत्मविश्वास पुन्हा होता तिथे गेला.

"सर," शिवणकामवाल्या बाईंनी विचारलं, "हे वाक्य खरं आहे का?"

"वाक्य बरोबर आहे," सर म्हणाले. "मोठ्याने म्हणा. खिडकीकडे तोंड करून."

आठवडाभर दया खिडकीतून खाली सांडत राहिली. आणि एका सकाळी ऐन वर्गात मालकीणबाई जिना चढून आल्या. हातात कराराचा कागद होता. सरांच्या जिवात जीव आला. त्यांनी स्वतःची खुर्ची पुसून पुढे केली.

"मास्तर," मालकीणबाई बसल्या नाहीत, "मी तुमचं काय वाईट केलं होतं?"

"बाई, मी तर तुमचं कौतुकच..."

"कौतुक? परवा कोपऱ्यावरचा शिंपी दुपारी बादली घेऊन आला. म्हणतो, नळ सोडा, तुम्ही दयाळू आहात असं वरून रोज सांगतात. काल एकीने गच्चीची किल्ली मागितली. मागच्या बिऱ्हाडाने न विचारता कुत्रा आणून बांधलाय. तो मला बघून भुंकतसुद्धा नाही, शेपूट हलवतो!"

वर्गात कुणीतरी हसू दाबलं.

"आधीचं वाक्य पहिल्याच आठवड्यात मी अर्थ विचारून समजून घेतलं होतं," त्या म्हणाल्या. "आठ वाजता नळ बंद करते. करतेच. त्यात खोटं काय होतं? रोज सकाळी एवढी माणसं माझा धाक गल्लीला ऐकवत होती. नवा भाडेकरू यायच्या आधीच सरळ होत होता. म्हणून तर तुमचा हा गोंगाट मी चालवून घेतला. आता दयाळू बाईच्या डोक्यावर गोंगाट कशाला हवा?"

सरांनी फळा पुसायला घेतला. आयुष्यभर त्यांना वाटत आलं होतं, की माणसाला खुश करायचं तर स्तुती करावी. भीतीवर खुश होणारं माणूस त्यांच्या व्याकरणात नव्हतं.

"आजपासून पूर्वीचंच," ते घाईघाईने म्हणाले. "आत्तापासून."

"आणि तुमचं?"

"माझं काय?"

"गल्लीतल्या सगळ्यांना शेपटं लावलीत. तुमचं कुठे दिसलं नाही." मालकीणबाई आता खुर्चीवर ऐसपैस बसल्या. "मालकिणीला घाबरणारा मास्तर. हे इंग्रजीत कसं म्हणायचं? मला ऐकायचंय. मग सही."

आतल्या दारात बायको उभी होती. तिने नुसती कागदाकडे मान वळवली.

सरांनी खडू उचलला. फळ्याकडे तोंड केल्यावर त्यांना जरा बरं वाटलं, कारण आता वर्गाकडे पाठ होती. क्षणभर मनात आलं, मधलं शेपूट थोडं सौम्य करावं. 'घाबरणारा'ऐवजी 'आदर करणारा' घालावं. पण मागे वर्ग श्वास रोखून बसला होता, आणि सरांना पहिल्यांदाच कळलं, की या उदाहरणात तो एक शब्दही चुकू देणार नाही. त्यांनी वळणदार अक्षरात पूर्ण लिहिलं, "द टीचर हू इज अफ्रेड ऑफ द लँडलेडी लिव्ह्ज अपस्टेअर्स."

वर्ग ओरडला. काय ओरडला! खिडक्यांची तावदानं थरथरली. शिवणकामवाल्या बाई उभ्या राहून म्हणत होत्या. औषधाच्या दुकानातला नोकर, ज्याला आजवर हू आणि विच यांत भेद कळला नव्हता, त्याने सरांना पहिल्या झटक्यात माणसांत बसवलं. खाली न्हाव्याची कात्री थांबली आणि न्हावीसुद्धा, बहुधा जन्मात पहिल्यांदा, गप्प बसून ऐकू लागला.

मालकीणबाईंनी सही केली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि त्या लगबगीने खाली उतरल्या.

थोड्याच वेळात बायको रिकामी बादली घेऊन बाहेर आली. "अहो, या गडबडीत पाणी भरायचं राहिलं. नळ बंद झालाय. जा ना, दोन बादल्यांपुरता उघडायला सांगा. आता तर करार झालाय."

"सांगतो की. त्यात काय आहे!" सर म्हणाले. त्यांनी बादली घेतली आणि ते जिन्याच्या तोंडाशी गेले. एक पायरी उतरले. खाली चौकात मालकीणबाई नळाची चावी पदराला पुसत होत्या. वर वर्ग कुणी न सांगता फळ्यावरचं नवं वाक्य पुन्हा पहिल्यापासून ओरडू लागला होता.

सर ती एक पायरी पुन्हा चढले. मग बादली भिंतीशी ठेवून ते वर्गात परतले.

"लिव्ह नाही," ते म्हणाले. "लिव्ह्ज. शेवटी एस येतो. पुन्हा म्हणा."