बाटलीतला काळा दोरा

पाहुण्यांना टँकरचं पाणी द्यायचं नाही, या एका गोष्टीवर बानाबाई अडून बसली होती. त्या साली करमाडच्या मागच्या वस्तीवर टँकर यायचा तो गढूळ पाणी घेऊन. तुरटी फिरवली तरी तांब्याच्या तळाशी माती बसायचीच, आणि त्या पाण्याचा चहा गूळ घातल्यासारखा काळपट होऊन वर पुन्हा खारट लागायचा. लेकीची सुपारी फुटायची आणि त्याच दिवशी सोयऱ्यांच्या तोंडात माती घालायची का, असं तिचं म्हणणं. तिच्या नवऱ्याला, रामहरीला, ते पटलं. त्यानं जालना रोडवरच्या दुकानातून नारिंगी थंड्याच्या काचेच्या बाटल्यांचं क्रेट मोटरसायकलला बांधून आणलं.

एरवी काळजी करावी असं काही नव्हतं. लेक शीला बारावी झालेली, कामाला चटपटीत. नवरा मुलगा शेंद्र्याला कारखान्यात होता, घर हर्सूलच्या बाजूला. मुलाचा बाप पुंडलिक मुखदुर्बळ; घरात चालायचं ते मुलाच्या आईचं, मुक्ताबाईचं. तिनं शीलाला एका लग्नात पंगतीत वाढताना पाहिलं होतं आणि तिथंच पसंत केलं होतं. मेंढरं विकून रामहरी शेंद्र्याला नव्या बांधकामांच्या भिंतींवर पाणी मारायला जाऊ लागला, तेव्हापासून त्याला सोयरिकीच्या बाजारात आपला भाव उतरला असं वाटायचं. म्हणून हे स्थळ आपण होऊन चालून आलं याचा त्याला फार आनंद झाला होता.

बाटल्या बानाबाईनं आत, चुलीपाशी उघडल्या. पाहुण्यांच्या पुढ्यात फटाफट बुचं उडवणं तिला पानटपरीवरचं काम वाटे. आलेल्या माणसानं नुसतं तोंडाला लावावं, उघडायचे कष्ट घरच्यांनी घ्यावेत, ही तिच्या माहेरची रीत. तिनं एकेक नळी घालून बाटल्या ताटात मांडल्या आणि ताट शीलाच्या हातात दिलं.

मुक्ताबाईची नळी मध्येच तुंबली. तिनं दोनदा ओढून पाहिलं, मग नळी वर काढली. नळीच्या टोकाला काळा दोरा लोंबत आला. दोऱ्याला गाठी होत्या आणि एका गाठीत केसांचा पुंजका अडकलेला होता.

दारापुढं घातलेल्या मांडवातल्या सगळ्यांनी ते पाहिलं. मुक्ताबाई उठली, मांडवाच्या कडेला जाऊन ओकली आणि पदरानं तोंड पुसत परत आली.

"काय पाजलं गं मला?"

"अवं ताई, मला काय ठावं? बाटली कंपनीची हाय," बानाबाई म्हणाली.

"बाटली कंपनीची. बूच कुणी काढलं?"

"मीच काढलं की."

"कुठं?"

"आत."

"आत!" मुक्ताबाईनं वस्तीवरच्या बायकांकडं वळून पाहिलं. "ऐकलं का गं? सासूला आधीच दोरा पाजायचा, म्हंजी पोरगं आयतंच बांधलं जातं. अवं, उठा. आपल्याला नगं ही सोयरीक."

तिचा नवरा उठला. सुपारी ताटात तशीच राहिली.

त्यानंतर वस्तीवर कुणी तोंडावर काही बोललं नाही. बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. टँकरपाशी बायका म्हणत, "बानी तसली नाय हो," आणि हे अशा मायेनं म्हणत, की ती तसली असू शकते हे सगळ्यांना नव्यानं सुचत जाई. करणीचा डाग आईवर लागला की लेकीला आपोआप लागतो. शीलाला हे कुणी शिकवायला नको होतं. तिनं पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आणि दिवसभर दारात न येता राहू लागली.

रामहरीचं डोकं एकाच जागी फिरत होतं. दोरा बाटलीत होता. बाटली कंपनीची होती. तेव्हा कंपनीनं एकदा माणसांत येऊन म्हणावं, की हा दोरा आमचा. बस. दुसरं काही नको.

"आबा, बाटलीवर नंबर असतो तक्रारीचा," शीला म्हणाली. त्या प्रकारानंतर ती आपण होऊन बोलली ते हेच पहिलं. तिनं नंबर लावून दिला. बराच वेळ गाणं वाजलं आणि मग एक मुलगी हिंदीतून गोड बोलू लागली. तिला बाटलीवरचे आकडे हवे होते. ते सांगितल्यावर तिनं विचारलं, पैसे परत हवेत की माल बदलून हवा?

"बाई, मेरेकू पैसा नको," रामहरी ओरडून म्हणाला. फोनवर लांबच्या माणसाशी ओरडूनच बोलायचं असतं अशी त्याची समजूत. "माल भी नको. एक आदमी भेजो. इत्ताच बोलने कू, के धागा तुमारा हय."

मुलीनं आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला खेद आहे असं सांगितलं आणि पुन्हा विचारलं, पैसे की माल?

शेवटी त्यानं बाटलीच्या तोंडाला फडकं बांधलं, ती दोऱ्यासकट पिशवीत घातली आणि चिकलठाण्याला थंड्याच्या कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभा राहिला. वॉचमननं दोन दिवस त्याला आत सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी फाटकातून बाहेर पडणाऱ्या एका तरुणानं मोटरसायकल थांबवली.

"रामहरीमामा? तुम्ही इथं?"

तो ऋतुराज होता, आप्पासाहेबांचा मुलगा. आप्पासाहेबांच्या शेतात रामहरीच्या बापापासून मेंढरं बसत. रात्रभर मेंढरांनी रान खतवायचं आणि त्यांनी ज्वारी द्यायची, असा दोन घरांचा जुना व्यवहार. हाच ऋतुराज लहानपणी कोकरू काखेत मारून वाड्याभोवती पळायचा. पुढं शेत रस्त्यात आणि कारखान्यांत गेलं, आणि ऋतुराज शिकून या कंपनीत माल तपासायच्या खात्यात लागला.

त्यानं रामहरीला रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावर नेलं. फडकं सोडून बाटली उन्हात धरली, खूप वेळ पाहिली आणि पुन्हा फडकं बांधलं.

"मामा, हे आमच्याकडचंच आहे," तो हळू म्हणाला. "बाटल्या गावोगावच्या परत येतात. लोक त्यात काय काय कोंबतात. गुटख्याच्या पुड्या, काड्या, वाती. आम्ही त्या धुऊन पुन्हा भरतो. पण यंदा पाण्याची कपात झाली ना, तर धुण्याचं पाणीच कमी केलंय वरच्यांनी. माल मात्र कमी करायचा नाही. मागं एकीत पाल निघाली होती."

रामहरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "दादा, लई उपकार झाले. एवढं तुम्ही येऊन सांगा."

"येतो. पण चारचौघांत नको. माझी नोकरी जाईल. आपण दोघं हर्सूलला जाऊ, त्या बाईंच्या घरी. मी त्यांच्या पायाला हात लावून सांगतो."

हे ऐकून रामहरी हो म्हणाला असता, तर कोण जाणे, कदाचित गोष्ट तिथंच मिटली असती. पण त्याच्या बापजाद्यांत घरात बसून मिटवलेली गोष्ट मिटली असं कुणी मानत नसे. मेंढरू चोरीला जावो की बायको माहेरी जावो, सगळं बिरोबाच्या ठाण्यापुढं, दोन्हीकडच्या माणसांना समोरासमोर बसवून. कुजबुजीत सांगितलेलं खरंही खोट्यात जमा.

"नाय दादा," तो म्हणाला. "डाग मांडवात लागला. मांडवातच धुतला पायजे. हर्सूलला जाऊन आलो तर लोक म्हनतील, कायतरी देऊन तोंड बंद केलं."

ऋतुराजनं चहाचा पेला खाली ठेवला. "बघतो," तो म्हणाला.

रामहरीनं त्याचा अर्थ हो असा घेतला. लपूनछपून माणूस बोलावणं त्याला कमीपणाचं वाटलं, म्हणून त्यानं शीलाला सांगून कंपनीच्या नंबरावरही निरोप ठेवला, की तुमचे ऋतुराज साहेब अमक्या दिवशी आमच्याकडं साक्षीला येणार आहेत, मालकांना कळावं. शीला म्हणाली, "आबा, हे कशाला कळवायचं?" तो म्हणाला, "चोरी हाय का?"

त्या दिवशी ठाण्यापुढच्या लिंबाखाली सगळी वस्ती जमली. मुक्ताबाई यायला तयार नव्हती, पण कंपनीचा माणूस येतो म्हटल्यावर आली, चार पाहुणे घेऊन. बानाबाईनं धुवट लुगडं नेसलं होतं. कितीतरी दिवसांनी तिनं केस नीट विंचरले होते. ठाण्यासमोरच घर होतं; शीला दारात उभी होती.

पांढरी गाडी आली. ऋतुराज उतरला आणि त्याच्यामागून काळा चष्मा लावलेले एक साहेब उतरले. पोरांनी मोबाइल वर धरले. ते पाहून साहेबांनी चष्मा काढला नाही.

"बाटली कोणी उघडली?" त्यांनी विचारलं.

"मी," बानाबाई म्हणाली.

"सगळ्यांसमोर?"

"नाय. आत. चुलीपाशी."

"म्हणजे बंद बाटली कोणी पाहिली नाही." साहेबांचा आवाज तसा सौम्य होता. "बाई, आम्ही तुमच्यावर आरोप करत नाही. पण आमच्याकडं प्रत्येक बाटली मशीनवर धुतली जाते, उजेडापुढून जाते, माणूस बघतो. त्यात दोरा राहणं शक्य नाही. उघडल्यावर काय झालं, ते कंपनी कसं सांगणार?"

मुक्ताबाईनं आपल्या पाहुण्यांकडं पाहिलं. तिला बोलायची गरजच राहिली नव्हती.

"साहेब, हे दादाच सांगतील की," रामहरी पुढं झाला. "दादा, मला गाड्यावर सांगितलं तेच सांगा."

ऋतुराज जमिनीकडं पाहत होता.

"दादा?"

"मामा, मी काय सांगणार? साहेबांनी सांगितलं ना."

तेव्हा रामहरीला रागसुद्धा आला नाही. पोरगं साहेबाला भ्यालंय, एवढंच त्याच्या मनात आलं. भ्यालेल्या माणसाच्या तोंडून खरं काढायचा उपाय त्याला ठाऊक होता. या ठाण्यापुढं त्यानं खुनशी माणसं ढसाढसा रडताना पाहिली होती.

"कडुबा तात्या," तो मोठ्यानं म्हणाला, "भंडारा काढा."

कडुबा ठाण्याचा पुजारी. वयानं वाकलेला, पण भंडाऱ्याची वाटी हातात आली की सरळ होणारा. हातात हळदीचा भंडारा घेऊन कुणी खोटं बोललं, असं वस्तीच्या आठवणीत नव्हतं. सगळी माणसं उठून उभी राहिली. मुक्ताबाईनंही डोक्यावर पदर घेतला.

कडुबानं वाटी ऋतुराजपुढं धरली. "उचल बाबा. अन् सांग, बाटली तुमच्याकडून कशी निघाली."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "करा पटकन. लोकांचं समाधान होऊ द्या," ते म्हणाले.

ऋतुराजनं चिमूट उचलली. त्यानं एकदा बानाबाईकडं पाहिलं, हे रामहरीनं टिपलं, आणि क्षणभर त्याला वाटलं, जमलं.

"बाटली आमच्याकडून स्वच्छ निघाली," ऋतुराज म्हणाला.

पिवळी पूड त्याच्या बोटांतून खाली सांडली. त्यानं हात पँटला पुसला.

"झालं," कडुबा म्हणाला.

"काय झालं?" रामहरी ओरडला. "तात्या, हा खोटं बोलतोय! चहाच्या गाड्यावर ह्यानंच मला सांगितलं. धुवायला पानी नाय म्हनला. पाल निघाली म्हनला!"

कडुबानं वाटी छातीशी धरली आणि त्याच्याकडं वळला. "रामहरी, नीट ऐक. भंडारा तूच मागितला. आता भंडारा खोटा हाय, असं म्हनतोस का?"

रामहरीनं तोंड उघडलं. त्याच्या बापानं याच भंडाऱ्यावर वाटणी मान्य केली होती. त्याचं स्वतःचं लग्न याच्यावर ठरलं होतं. बायको समोर उभी होती, लेक दारात. हो म्हटलं तर पायाखालचं सगळंच जात होतं. नाही म्हटलं तर या दोघी जात होत्या.

तो काहीच बोलला नाही.

शीला दारातून आत गेली. दार लोटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

गाडीतून कंपनीतर्फे थंड्याची दोन क्रेट उतरवून ठेवली गेली. गाडी जाताना ऋतुराजनं काचेतून एकदा मागं पाहिलं. मुक्ताबाई जाता जाता बानाबाईच्या जवळून गेली, पण काही टोचून बोलली नाही. उलट पदर आवरून, अंग चोरून गेली.

घरात आल्यावर शीलानं बापाला विचारलं, "तुमाला ठावं होतं ना, तो खोटं बोलला?"

"व्हय."

"मंग बोलला का नाय?"

रामहरीनं डोक्याचं मुंडासं उतरवलं. ते खुंटीला अडकवून तो भिंतीकडं तोंड करून बसला. शेवटी ती म्हणाली, "राहू द्या," आणि भाकरी थापायला बसली. त्यानंतर तिनं त्याला त्याबद्दल कधीच विचारलं नाही. दिवाळीनंतर ती शेंद्र्याला पॅकिंगच्या कामाला जाऊ लागली. सकाळी पहिल्या गाडीनं जायची आणि अंधार पडल्यावर यायची. वस्तीवरच्या कुणाशी गाठ पडू नये अशा बेतानं. मुक्ताबाईच्या मुलाचं लग्न वैशाखात दुसरीकडं झालं.

सगळ्यांत वाईट ते बानाबाईचं. रामहरीनं तिला चहाच्या गाड्यावरची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. ती ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "पन त्यानं भंडारा उचलला ना वो."

"उचलला."

"मंग माझ्याच हातून काय पडलं असंल का? वेणी घालून मी तशीच उठले होते त्या दिशी. दोरा कुठला असंल? देव्हाऱ्याच्या खुंटीला एक काळा दोरा होता, तो आता दिसत नाय."

"अगं, बाटलीत दोरा कसा जाईल तुझ्या हातून?"

"तेच इचारते मी बी. कसा गेला असंल?"

त्याच्याजवळ सांगायला एकच वाक्य होतं, भंडारा खोटा हाय, आणि ते तो त्या दिवशी लिंबाखाली बोलला नव्हता. आता चुलीपुढं बोलून त्याचा काही उपयोग नव्हता, हे त्यालाही कळत होतं.

उन्हाळा सरता सरता बानाबाईचा धाकटा भाऊ सखाराम आला. करमाडच्या फाट्यावर जीपमधून उतरून, भर दुपारी चालत आला होता. अंगातला सदरा भिजून पाठीला चिकटलेला, ओठ सुकून पांढरे पडलेले. भाऊ आला म्हणून बानाबाईला केवढा आनंद झाला! तिनं डेऱ्यातलं, दोनदा गाळलेलं पाणी तांब्यात घेतलं, पदरानं तांब्या पुसला आणि त्याच्यापुढं धरला.

सखारामनं तांब्याकडं पाहिलं. मग रामहरीकडं पाहिलं.

"ठेव आक्का," तो म्हणाला. "तहान नाय मला."