अनुमोदक

सहकारात सूचक आणि अनुमोदक असल्याशिवाय पान हलत नाही. शाहूपुरीतल्या आमच्या संघाच्या ऑफिसात चहाचे कप घ्यायचे तरी एकानं सुचवायचं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यायचं, मग ठराव मंजूर. दोन हजार साली वरून पत्र आलं, बायकांसाठी तक्रार समिती नेमा, अध्यक्ष बाईच हवी. चिमणाबाई शिपाई रिटायर झाल्यापासून ऑफिसात बाई म्हणजे मी एकटी, टायपिस्ट.

"निशा, मग तूच अध्यक्ष की," मॅनेजर अण्णासो म्हणाले. अक्षर चांगलं म्हणून हेडक्लार्क आकारामला त्यांनी सचिव केलं. दोघांतच समिती संपली. माझ्या नेमणुकीची ऑर्डर मीच टाइप केली.

हा आकाराम रिबन बघायच्या निमित्तानं माझ्या खांद्यावर हात ठेवायचा, मग तो खाली सरकवायचा. मी उठले की हसायचा, "का ओ मॅडम, चावतोय व्हय मी?" सात महिने हे चाललं होतं. समोरच्या टेबलांवरची माणसं तेवढ्यापुरती फायलीत डोकं खुपसायची. आता तक्रार करायची माझ्याकडेच, आणि लिहून घेणार तो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

मला फार काही नको होतं. त्यानं त्या खोलीतून जावं, बस्स.

ज्याच्याबरोबर रोज डबा खायची, त्या समोरच्या टेबलावरच्या गुंडूला मी म्हटलं, "तुम्ही बघितलंय. एवढं बोला माझ्यासाठी."

"तुझं खरं हाय गं," तो भाकरी मोडत म्हणाला, "पण माझं नाव घिऊ नगंस."

त्या संध्याकाळी पेठ वडगावच्या गाडीत बसून मी रडले. घरी सांगावं तर नोकरीच सुटली असती.

मार्चात तपासणी आली. समितीची एकही सभा झाली नव्हती. अण्णासोंनी नेहमीचा उपाय केला, ठराव लिहायच्या प्रोसिडिंग बुकाच्या कोऱ्या पानांवर आधीच सह्या घेतल्या. सूचक मी, अनुमोदक आकाराम. त्यानं पानं उलटत भराभर सह्या ठोकल्या आणि मेव्हण्याच्या लग्नाला निघून गेला. अण्णासो मला म्हणाले, "तक्रार न्हाय, असं लिहून टाक."

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी पेन उघडलं. लिहिलं, 'हेडक्लार्क श्री. आकाराम हे सात महिन्यांहून अधिक काळ टायपिस्टच्या अंगाला हात लावत आहेत. त्यांची येथून तातडीने बदली करावी. ठराव सर्वानुमते मंजूर.'

तपासनिसांनी ते पान दोनदा वाचलं. लग्नाहून परतलेल्या आकारामला बोलावून विचारलं, "ही सही तुमचीच न्हवं?"

"व्हय, पन सायेब, पान कोरं..."

अण्णासो जोरात खोकले. कोऱ्या पानांवर सह्या घेतल्याचं निघालं असतं तर त्यांचीच खुर्ची गेली असती.

"सही त्येचीच हाय, साहेब," ते म्हणाले.

आठ दिवसांत आकारामची गारगोटी गावातल्या संघाच्या गोदामात बदली झाली. गुंडू आता दुसऱ्या टेबलावर डबा खातो. मी आले की बोलणं थांबतं, चहा माझ्या टेबलावर ठेवून पोऱ्याही पटकन वळतो. खांद्यावर हात पडत नाही, हे मात्र खरं.

कधीतरी मी ते पान उघडते. अख्ख्या ऑफिसात माझ्या बाजूनं एकच सही आहे, आणि ती त्याची.